अ‍ॅकॉर्डियनवाल्याने घेतलेला गिटारचा अँप्लिफायर

पोमोना, कॅलिफोर्निया
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

आदरणीय एर्लिंडा मावशी,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार, डाव्या गुडघ्याला जरा जपून. युमाच्या उन्हात तुझं लिंबाचं झाड तग धरून आहे ना? पोपटाची शिव्या द्यायची सवय सुटली का? (सुटली नसेल तर राहू दे. माझ्याबद्दल खरं बोलणारं घरात कोणीतरी असावं.) इकडे सगळे खुशाल. म्हणजे ग्रिसेल्दा खुशाल आहे. मला मात्र वर्षभर एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो, चर्चमध्ये भलत्याच वेळी उठतो, परवा तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी मिशी झाल्यावर उठलो. ग्रिसेल्दा म्हणते, बायकोला नवऱ्याचं तोंड दिसावं, नेहमी पाठच काय बघायची?

आधीच सांगून ठेवतो, हे पत्र गेल्या नाताळाबद्दल नाही. मक्याच्या पिठाचे तमाले वळताना तू म्हणालीस की संत्र्यांच्या बागांमागच्या त्या कारखान्यात तू अकरा वर्षं गिटारच्या अँप्लिफायरच्या तारा जोडल्यास, प्रत्येकाच्या पोटात चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलंस आणि निम्मा देश तुझ्या हातातून गायला. त्यावर मी म्हणालो, "हो का मावशी? मग चंद्रावरचा दिवाही तूच लावलास वाटतं!" एकोणीस माणसं हसली, तू पिठाचे हात धुतलेस, बसने घरी गेलीस आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. तर त्याबद्दल मला इथे अवाक्षर काढायचं नाही. विषय वेगळा आहे. मी एक जुना, रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हचा, गिटारचा अँप्लिफायर विकत घेतला. (तू म्हणशील, फिदेन्सिओ तर जन्मभर अ‍ॅकॉर्डियन वाजवत आला. माणसाला उतारवयात नवा नाद लागू नये का?)

हा नाद सोपा नाही बरं. आधी मी दुरुस्तीच्या दुकानांतून हिंडलो. कोणी अँप्लिफायरची जुनी पेटी उघडून बसला असेल तर मागे उभा राहून आत डोकावायचो. काय दिसलं ते एका कागदावर टिपून ठेवायचो आणि तो कागद पँटच्या खिशात. कपडे धुवायला कोण टाकतं हे मी विसरलो. ग्रिसेल्दाच्या हाती जो कागद लागला त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आमालिया, एप्रिल. सोकोरो, जून. लोला, ऑगस्ट, फार नीटनेटकी. मावशी, चार दिवस मला घरात कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. पाचव्या दिवशी मी तिला सगळं खरं सांगितलं, तर ती इतकी हसली की खुर्चीवरून घसरली आणि मग म्हणाली, "अरे गाढवा, पेट्यांच्या पोटात कशाला शिरतोस? सरळ युमाला जा ना." पण सरळ जाणं मला कधी जमलं आहे?

शेवटी पेपरात जाहिरात सापडली. ऑइलडेलचा डेल्बर्ट स्टूप्स, वय ऐंशी, आयुष्यभर दिवसा तेलाच्या विहिरीवर आणि संध्याकाळी बारमध्ये गिटारवर. पेटी बघितली. कापड सिगारेटने पिवळं झालेलं, एका कोपऱ्यावर बिअरचे डाग, पण चालू केल्यावर आतले व्हॉल्व्ह देवघरातल्या दिव्यांसारखे हळूहळू लाल झाले. मी म्हणालो, मागची फळी काढून आत बघू का? म्हातारा भडकला. "लॉस एंजेलिसचा दलाल दिसतोस. ते सगळे आधी आतच बघतात. गाईचं दूध प्यायच्या आधी तिचं पोट फाडतोस का रे? आधी वाजव!" आणि त्याने गिटार माझ्या मांडीवर ठेवली. मी वाजवली. (वाजवली म्हणजे तारांना हात लावला.) समोरच्या घरातला कुत्रा आत गेला. डेल्बर्ट माझ्या बोटांकडे बघत म्हणाला, "ही बोटं बटणं शोधतायत. तू अ‍ॅकॉर्डियनवाला आहेस. खरं सांग, कशाला आलास?"

असो. व्यवहार झाला, पेटी गाडीत घातली, घरी आणली. पत्र लांबलं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा भाचा,
फिदेन्सिओ

ता. क. डेल्बर्टला काय सांगितलं ते लिहायचं राहिलं. चंद्राच्या दिव्यापासून सगळं सांगितलं. तो हसला नाही. आत जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि म्हणाला, "चल, बाईचं नाव बघू." त्याने वायर भिंतीतून काढली, पेटी उलटी केली, आठ स्क्रू काढले. पिवळी पडलेली पट्टी. त्यावर शिसपेन्सिलने एर्लिंडा, आणि शेवटच्या अक्षराला ती शेपटी, जी तू माझ्या वाढदिवसाच्या प्रत्येक कार्डावर काढत आलीस. डेल्बर्ट टोपी काढून कितीतरी वेळ बघत राहिला. "चाळीस वर्षं मी या बाईच्या हातचं खाल्लं," म्हणाला, "आणि कधी नाव विचारलं नाही." मावशी, मी तिथे त्याच्या पडवीत बसून रडलो. तसं बघितलं तर वर्षभरात पहिल्यांदाच एका जागी बसलो.

ता. क. दुसरा. पेटी आता वाजत नाही. ऑइलडेलमध्ये बरी होती, आमच्या रस्त्यांवर तिने हाय खाल्ली. दुरुस्तीवाला म्हणतो, आतल्या जुन्या तारा उपटून नव्या घालू. मी सांगितलं, खबरदार, जिने घातल्या तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तेव्हा तुला यावंच लागेल. नाइलाज आहे.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. नाताळला ये. हसलेल्या एकोणीसही जणांना बोलावलं आहे, डेल्बर्ट विसावा. तमाले वळायच्या आधी, सगळ्यांसमोर, मी स्क्रू काढणार आणि नाव मोठ्याने वाचणार, कारण पहिला हसलो तो मीच. माझं चुकलं, मावशी. त्यानंतर तुला जे बोलायचं ते बोल. शब्द कमी पडतील असं वाटत असेल तर पोपटाला घेऊन ये.