डाव्या गालावरची खूण

५ मार्च
आज पुन्हा खटका! मॅडम म्हणतात, रोज ठरलेले जुने फोटो वाचनालयाच्या साइटवर चढलेच पाहिजेत. लोक वाट बघतात म्हणे. अहो, काचेच्या निगेटिव्ह आहेत त्या! एकेक जपून पुसायची, स्कॅनरवर ठेवायची, कोपरा उडाला तर आमचाच उद्धार. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

घरी आले तर सासूबाई टॅबलेट घेऊन दारातच. "आज कुठले टाकलेस गं?" चहा नाही, पाणी नाही!

६ मार्च
कारण ठाऊक आहे, म्हणून चिडताही येत नाही. त्या दोन वर्षांच्या असताना आई तापात गेली. वडील त्याआधीच. काकांनी वाढवलं. आईचा एकही फोटो नाही. काकूने सांगितलं तेवढंच — साबणाच्या कारखान्यात कामाला होती, डाव्या गालावर भाजल्याची खूण होती. पंचाहत्तरी उलटली तरी बाई आईचा चेहरा शोधतेय.

११ मार्च
साबण कारखान्याच्या काचा सापडल्या! दुपारीच चढवल्या.

१२ मार्च
सासूबाईंनी टॅबलेट ओट्यावर ठेवला. कामगार बायकांच्या रांगेत एक — नाक, कपाळ, हनुवटी, सगळं हुबेहूब सासूबाईंचं. गालावर खूण.

"पण ही उजव्या गालावर आहे," त्या म्हणाल्या. "ही नव्हे."

"अहो आई, काकूंचीच चूक झाली असेल—"

"काकू माझ्या डाव्या गालावर बोट ठेवून सांगायची. चूक कशी होईल?"

जेवल्या नाहीत. नवरा म्हणे, "जाऊ दे, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" याला काय जातंय बोलायला!

१४ मार्च
चैन नाही. कामात लक्ष नाही. तोच फोटो मोठा करून बघत बसते.

१५ मार्च
खिसा!! मागे उभ्या मुकादमाच्या कोटाचा वरचा खिसा त्याच्या उजव्या छातीवर. शेजारच्या कारकुनाचाही उजवीकडे! वरचा खिसा तर नेहमी डावीकडे असतो, कुठला शिंपी असा कोट शिवतो?

धावत कपाटाशी गेले. काचेची एक बाजू मंद असते, दुसरी चकचकीत. त्यावरून सुलटी कोणती ते कळतं. या काचेला कुणी शहाण्याने वॉर्निश फासलेलं, दोन्ही बाजू चकचकीत. मी अंदाजाने ठेवली आणि नेमकी उलटी पडली. आरशात दिसावा तसा फोटो चढला!

पुन्हा स्कॅन केला. खूण डाव्या गालावर. मॅडमना सांगताना रडूच फुटलं. बिचाऱ्या पाणी घेऊन आल्या.

१६ मार्च
सासूबाई दिवसभर टॅबलेटवरच्या आईला मांडीवर घेऊन बसल्या. "किती लहान आहे गं ही! तुझ्या लेकीएवढी." मग म्हणाल्या, "फोटोला उभं राहायचं तर केस तरी विंचरायचे!" किती दिवसांनी अशा हसल्या.



२० मार्च
फोटोखाली कुणा परक्या बाईने लिहिलंय — "खूण असलेली ही माझी आजी. पंचाण्णव वर्षांची होऊन अलीकडेच गेली. तिला पहिल्या लग्नाची एक मुलगी होती. आजी तापातून उठली तेव्हा दिराने सांगितलं, तुझी मुलगी तापात गेली."

सासूबाईंनी माझ्याआधीच वाचलं होतं. एका बोटाने खाली लिहीत होत्या, "ती मुलगी मी. मी गेले नव्हते."