राजीनामा सोमवारी

३ मार्च, रविवार, दुपारी चार

पोचलो. बॅग आली, एक चाक तुटून. इथले लोक सामान उतरवत नाहीत, सूड उगवतात.

ही माझी शेवटची खेप. परदेशाला अकरा वर्षं दिली, पुष्कळ झालं. घरी सगळ्यांसमोर, जेवताना, जाहीर करून आलोय की राजीनामा देतो आणि कायमचा परत येतो. परिणाम जबरदस्त. आई कोशिंबिरीचं भांडं सारखं करत बसली. दादा पंख्याकडे बघत बसला. वहिनीने आणखी वाढू का असं विचारलं, पण आवाज कापरा होता. निदान मला तसा वाटला.

रूममेटने माझ्या खुर्चीवर ओले मोजे वाळत घातलेत. वर विचारतो, एवढ्यात आलास पण? बावीस दिवस म्हणजे एवढ्यात? याच्याशी बोलणं बंद.

संकल्प: आठवड्याच्या आत राजीनामा.

४ मार्च, सोमवार, सकाळी सहा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचं स्पेअर पार्टचं स्टोअर मी सांभाळतो. कुठला पार्ट कुठल्या रॅकवर, सगळं माझ्या डोक्यात. रजेवर जाताना कामाची नोट लिहून द्यायची इथे पद्धत आहे. दिली की! रॅक एक ते सहा. सात ते बाराबद्दल अवाक्षर नाही. मुद्दाम. अडलं की कळेल कोण होतो मी.

बावीस दिवसांत एकही फोन नाही. लाज वाटत असणार. आज हाहाकार बघायला जातोय. इस्त्रीचा शर्ट घातलाय.

तोच दिवस, संध्याकाळी

हाहाकार नाही.

माझ्या जागी ठेवलेल्या चष्मेवालीने बाराही रॅक रिकामे करून, पुसून, प्रत्येक खोक्यावर लेबल चिकटवलंय. आता कुठल्याही गाढवाला पार्ट सापडतो. मेकॅनिक मला न विचारता आत शिरतो, हवं ते घेतो आणि जाताना मला हाय म्हणतो. बेशरम माणूस.

मॅनेजर म्हणाला, अरे, तू पुढच्या आठवड्यात येणार होतास ना? असा दगड दुसरा पाहिला नाही.

६ मार्च, बुधवार

राजीनाम्याचं पत्र लिहिलं. फार कडक झालं. पुन्हा लिहिलं. विनंती अर्जासारखं झालं. शुक्रवारी देईन.

त्याआधी चष्मेवालीचं पितळ उघडं पाडणं माझं कर्तव्य आहे. आठव्या रॅकवरच्या काही लेबलांची अदलाबदल केली. हा खोडसाळपणा नाही. क्वालिटी टेस्ट आहे.

८ मार्च, शुक्रवार

टेस्ट झाली. मेकॅनिक भलताच सेन्सर घेऊन गेला, अर्ध्या वाटेतून परत आला आणि खेकसला माझ्यावर. मी म्हणालो, बाजूला हो, मला सगळं पाठ आहे. पंचवीस मिनिटं शोधलं. कुठली लेबलं कुठे लावली तेच आठवेना. घामाने शर्ट भिजला.

शेवटी चष्मेवाली आली, खोकी उलटी करून तळाचे नंबर वाचले आणि दोन मिनिटांत सेन्सर काढून दिला. तळालाही नंबर! किती संशयी स्वभाव असावा माणसाचा. वर मला समजावते, काका, रजेवरून आल्यावर होतं असं. काका म्हणे! फार तर नऊ वर्षांनी मोठा असेन.

राजीनामा सोमवारी. रागाच्या भरात दिला असं कुणी म्हणायला नको.

९ मार्च, शनिवार, सकाळी

घरी फोन केला. आईला सांगितलं, सोमवारी पत्र देतोय, माझी खोली तयार ठेव. बरं, म्हणाली. मग हळूच म्हणाली, त्या खोलीत वहिनीने शिवणाचा क्लास सुरू केलाय. तू गेलास तसा लगेच.

मी भडकलो. मला विचारायची पद्धत नाही? आई म्हणाली, अरे, पहिली चार वर्षं तू येतो म्हणालास की मी तुझी गादी उन्हात घालायचे. मग सोडून दिलं.

रागावून म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. हे सगळं वहिनीचं कारस्थान. आता तर जाणारच. बघतो कोण अडवतं ते.

११ मार्च, सोमवार

पत्र खिशात होतं. मॅनेजरनेच आधी बोलावलं. म्हणाला, महिनाअखेर तुझा करार संपतोय. दर रजेनंतर तू सगळ्यांना सांगतोस की कायमचा परत चाललोय. म्हणून या वेळी नवा करार काढलाच नाही. चष्मेवालीला तुझ्या जागी कायम केलंय. तुझ्या मनासारखं झालं, असं म्हणून त्याने हात पुढे केला.

गेल्या सात वर्षांत माझ्या सख्ख्या माणसांनी एकदाही विश्वास ठेवला नाही. ठेवला तो या दगडाने!

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झालाय. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा आवाज चिरकला. पत्र खिशातच राहिलं, घामाने ओलं झालं.

१४ मार्च, गुरुवार

करार मिळाला. एका वर्षाचा. चष्मेवालीच्या हाताखाली. तिनेच माझ्यासाठी शब्द टाकला म्हणे. हे मी तिला जन्मात माफ करणार नाही.

आईला फोन केला. सांगितलं, काय करणार, कंपनी सोडायलाच तयार नाही, सगळे हातापाया पडले, यंदा काही जमत नाही. रडेल म्हणून समजुतीची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. आई लगेच म्हणाली, बरं झालं रे बाबा. आणि क्लासला किती बायका येतात, कोण काय शिवतं, ते सांगत बसली. तिचा इतका मोकळा आवाज अख्ख्या रजेत एकदाही ऐकला नव्हता.