नऊ जणांचं विमान

प्रिय दादा,

तुझ्या बेटावर येणारं विमान नऊ जणांचं. चढण्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करतात. वजन जास्त भरलं की कारकून विचारतो, "कोण थांबतंय?" तुझ्याकडे यायला मी तीनदा निघालो आणि तिन्ही वेळा मीच हात वर केला.

"आजोबा, शाळेत एवढ्या चटकन हात वर केला असता तर साहेब झाला असता," तो म्हणाला.

वहिनीला मी वाऱ्याचं कारण सांगितलं. खरं म्हणजे, तू आता कुणालाच ओळखत नाहीस हे तिनं कळवल्यापासून माझा पाय उचलत नाही. शाळेत कविता म्हणताना मी अडलो की मागच्या बाकावरून पुढची ओळ तू पुरवायचास.

हे पत्र तुला वहिनीच वाचून दाखवील, म्हणून टाकत नाही. थकलोय रे. उद्याचं तिकीट काढलंय. हात खिशात ठेवीन.

तुझा,
ओळ विसरणारा धाकटा