न उकळलेले ताक

१४ सप्टेंबर १९५८
उमरखेडला डॉक्टरांकडे जाऊन आलो. वाटेत माझ्यासाठी एस.टी. थांबवावी लागली. कंडक्टरने थांबवली, लोक बोलले. पावसाळ्यात हगवण लागली तेव्हापासून गोळ्या चालू. डॉ. म्हणाले, गोळ्या बंद. त्यांनी वाईट जंतू मारले, आतड्यातले चांगलेही मारले. ते पुन्हा वसवायचे तर रोज ताजे ताक, भाकर. तिखट नाही. जंतू चांगले असतात हे शाळेत कोणी सांगितले नव्हते. मी चौथीपर्यंतच गेलो. पुढे सांगत असतील.
ढाणकीच्या जिनिंगचा मुकादम भेटला. "कापूस निघाला का कामावर ये. पण असं पोट घेऊन येशीन तं परत धाडीन."

१५ सप्टें.
बाबांना ताकाचे सांगितले. "कोणाच्या दारात गडवा घेऊन उभं राह्यचं नाही." पूर्वी माय गावात ताकाला जायची. अंगणाबाहेर उभी राहायची, वरून धार सोडत. धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून बाबांनी ते बंद केले. बरोबरच केले. पण माझे पोट...
माय म्हणाली, "मंग इकत आणू द्या त्याले." त्याला बाबा हो म्हणाले.

१६ सप्टें.
बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो. चांदीबाईच्या म्हशी आहेत. पैसे पुढे केले तर हसायला लागली. "दूध इकतो, तूप इकतो. ताक इकलं तं गोठ्याची बरकत जाते, बापू. असंच ने."
"असंच नेता येत नाही."
"काहून? जड आहे काय?"
रिकामा परत. मागायचे नाही, विकत मिळत नाही. रोज दूध घेऊन घरी विरजणे आमच्याने होत नाही.

१९ सप्टें.
फार वाईट. उठवत नाही. मायने तोड काढली. चांदीबाईला आपल्या घरची आंबील गडवाभर द्यायची, तेवढेच ताक घ्यायचे. मग मागणे झाले नाही.
बाबा म्हणाले, "आपल्या घरची पेईन काय ती? ती म्हशीलेच पाजीन."

२२ सप्टें.
आंबील नेली. आमचे घर कोणते, चांदीबाईला ठाऊक आहे. एकदा माझ्याकडे पाहिले, गडवा आत नेला, ताक भरून आणून दिला.
बाबा वाटच पाहत होते. "पेली?"
"आत नेली."
"हूं."

१० ऑक्टो.
रोज ताक घेतो, फरक नाही. पुन्हा उमरखेड. डॉ. नी विचारले, कसे घेतोस? सांगितले: आधी नीट उकळतो. फुटते, मग फडक्याने गाळून वरचे पाणी पितो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "अरे, मी वस्ती बसवतो आणि तू आग लावतोस?"
पाणी उकळा, दूध उकळा, हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले आहे. ताकाचे लिहिलेले नाही. मायला विचारले, तू रोज पाहत होतीस, बोलली का नाहीस? "मले वाटलं, डॉक्टरनंच सांगतलं असन. शिकलेल्याचं काही सांगता येते काय?"

११ ऑक्टो.
तसेच प्यालो. आधी उजेडात धरून पाहिले. काही दिसत नाही. दिवसभर भीती.

२९ ऑक्टो.
पोट पुष्कळ बरे. भाकर पचते. लिहायला धीर होत नव्हता, दृष्ट लागेल म्हणून. बाबा म्हणतात आता असले मानायचे नाही. मानत नाही. तरी.
बाबांचा रोज तोच प्रश्न, माझे रोज तेच उत्तर.

७ नोव्हें.
शेतांत कापसाची वेचणी लागली. आज चांदीबाई गडवा देताना म्हणाली, "तुह्या मायले सांग, काल आंबिलीत मीठच नव्हतं. घशाखाली उतरत नव्हती."
घरी येऊन सांगितले. माय रागावली. "टाकलं होतं मी! तिची जीभच खारट." बाबा भाकर मोडता मोडता थांबले. मग म्हणाले,
"म्हैस मिठाचं सांगत नाही."
थोड्या वेळाने मायला, "उद्या पाहून टाकजो."
उद्याच जिनिंगवर जायचे आहे. मुकादम काय म्हणतो कोण जाणे. सकाळी ताक पिऊन निघावे की रिकाम्या पोटी, ठरत नाही. पिऊनच निघेन.