गुडघे ठणठणीत

६ ऑगस्ट
दुपारी मोबाईल सोफ्याखाली गेला. काढायला लादीवर बसले आणि उठताच येईना. घरात कुणी नाही. झाडूचं ते गोल मशीन आपलं माझ्याभोवती फिरतंय, धडकतंय, परत येतंय. लाथ घातली त्याला, तेवढीच ताकद पायात.
सून कामावरून आली तेव्हा मी तिथंच. "आई, खाली का?" म्हटलं, लादी गार लागते, बरं वाटतं. मग, हात दे गं जरा. बावन्न वय माझं.

९ ऑगस्ट
कांजूरहून नणंदेचा फोन. कुसुम. "वहिनी, लग्नानंतर तुझ्या सुनेची पहिली गौर. आमच्याकडेच या. बसफुगडी तूच घालायची, तुझ्यासमोर टिकतंय कोण!"
हो म्हणून बसले. फोन ठेवला आणि खाटेला धरून उकिडवं बसून बघितलं. उड्या दूर, टाचाच टेकेनात. छे.
चाळीत होतो तेव्हा खालच्या नळाचं पाणी वर आणायचे, डोक्यावर एक, कमरेवर एक. आता कोथिंबीरसुद्धा मोबाईलवर, दारात. मीच मागवते. कुणी जबरदस्ती केलेली नाही.

१२ ऑगस्ट
डॉ.कडे एकटीच गेले. नाक्यापर्यंतच आहे, तरी रिक्षानं. मनात होतं, काहीतरी रोग निघू दे. हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं. नाही जमलं. एक्सरे बघून म्हणतो, "मावशी, गुडघे ठणठणीत आहेत. बसून बसून मांड्यांतली ताकद गेलीय. याला गोळी नाही. चाला, उठबस करा." रागच आला मेल्याचा.
घरी सांगितलं, झीज झालीय. तोंडातून गेलं ते गेलं.

१७ ऑगस्ट
वाट लागली. निलेशनं खुर्ची मागवली. बटण दाबलं की माणसाला उचलून उभं करते. अख्ख्या मजल्याला बोलावून दाखवली. "आई, आता तू हलायचंच नाही." गुणाचा मुलगा.
माझ्याकडे दोनच कामं उरलेली, भाकऱ्या नि भांडी. तीही आता सून करते, पहाटे उठून, मग ऑफिस. आज ओट्याला धरून उठबस करत होते तर धावत आली. "आई! गुडघा!" नेऊन बसवलं. डोळ्यांखाली काळं आलंय पोरीच्या.
सांगायला पाहिजे. पण कुठल्या तोंडानं

१ सप्टेंबर
गौर. सगळ्या बायका खाली, मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. कुसुम ओढायला आली तर सूनच आडवी. "आत्या, आईंना आग्रह नको ना. झीज झालीय." खोटं माझं, आणि जीव तोडून सांभाळतेय ती.
मग कुसुमची सासू उतरली. सत्तरी पार, लुगडं खोचून. धपाधप. वर मलाच ओरडते, "टाळ्यो तरी वाजय गो!"
वाजवल्या.
येताना गाडीत सून माझा गुडघा चोळत होती. चोळू दिला.

२ सप्टेंबर
सकाळी सांगून टाकलं. ती भांडी घासत होती. म्हटलं, गुडघ्याला काही झालेलं नाहीये. बसून बसून झालंय, डॉ. तेव्हाच बोलला. नळ बंद केला तिनं. "मी पाचला उठतेय, आई. रोज." एवढंच. हात पुसले, चहा न घेता गेली. अर्धी भांडी तशीच.
घासली. मग जिन्यानं खाली, दूध आणलं. वर येताना दर मजल्यावर थांबले. शेजारीण, "अगं, लिफ्ट चालू आहे की!" म्हटलं, माहितेय.
संध्याकाळी सून आली, सरळ आत गेली. जेवताना निलेश म्हणाला, "आई खुर्चीत का नाही बसली आज?" तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्यांनाच विचार."
पाणी आणते म्हणून उठले, टेबलाला धरून. स्वयंपाकघरात आहे अजून. तो बाहेर बसलाय.