होळीच्या आत फ्रेंच

३ जानेवारी १९७५
संकल्प : होळीच्या आत फ्रेंच. पुण्याहून फ्रेंच फिल्मची रिळं आली. बाजार, बेकरी, लग्न, कबरस्तान. पुस्तक नकोच, भाषा डोळ्या-कानांनी शिकावी. हायस्कूलचा प्रोजेक्टर माझ्याच ताब्यात. पुढच्या वर्षी फ्रेंचचा वर्ग घेतो, असं हेडमास्तरांना सांगून टाकलं. विजयमाला म्हणाली, आधी इंग्रजीचे पेपर तपासा. बायकोला व्हिजन नाही.

९ जानेवारी
प्रगती उत्तम. 'बोंज्यूर' पक्कं. बाकीचं ते लोक फार फास्ट बोलतात. चूक त्यांची.

१५ जानेवारी, संध्याकाळ
फुकटचा सिनेमा म्हणून निम्मं पाटण लोटलं. अर्थ विचारायला लागले, मग सांगत गेलो. पावाचा भाव, सासू-सुनेचं भांडण. टाळ्या! थोडं अंदाजाने. पण कॉन्फिडन्स हाच भाषेचा पाया.

१६ जानेवारी
कबरस्तानाचं रीळ. ओळीने दगड, वर फुलं. पुढे बसलेल्या बयाबाईंनी विचारलं, आवं गुरुजी, ह्यो फ्रान्सच न्हवं? त्यांचा बाप पहिल्या लढाईत तिकडेच पडला. त्या तेव्हा आईच्या पोटात. सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघतोय. बोलून गेलो, आपल्या शिपायांचीच जागा आहे ही. सातारचेही आहेत, असं फिल्ममधला माणूस म्हणतोय. म्हातारी हमसून हमसून रडली. रीळ तिथेच बंद केलं. पुढचं बघायची छाती झाली नाही.

२० जानेवारी
बयाबाई रोज झेंडूचा हार आणतात, पडद्याला घालतात. मीही हात जोडतो. उद्या खरं सांगणार. नक्की.

२१ जानेवारी
सांगितलं नाही. त्यांनी घारगे आणले होते. दोन खाल्ले. लाज वाटली, तिसराही खाल्ला.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर हॉलमध्ये खास शो. बयाबाईंना पहिली खुर्ची. मशीनवर शाळेचा शिपाई नाथाजी. भाषणाच्या गडबडीत रीळ कुठे थांबवायचं ते त्याला सांगायचं राहिलं. रीळ पुढे गेलं. एक बाई दगडापाशी बसली. दगडावर फोटो. कुत्र्याचा. शेजारच्या दगडावरही कुत्राच. सगळं कबरस्तानच कुत्र्यांचं! मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बयाबाई उठल्या. वाटलं, आता पायातलं काढतात. म्हणाल्या, कुत्र्याची यवडी निगा करत्यात, मंग माझ्या बापालाबी उगड्यावर टाकला नसंल. व्हय न्हवं, गुरुजी? काय म्हणतीया ती बाई?

मला कळत नाही, म्हणालो. काहीच कळत नाही.

त्या खाली बसल्या.  मग हळूच विचारलं, मंग इतकं दिवस सांगत व्हता ते?