हात धरण्याचा तास

३ नोव्हेंबर २००३, सोमवार
फेलोशिपचा पहिला दिवस! एमडी होऊन पुन्हा विद्यार्थिनी झाले, म्हणून सकाळपासून हसू येत होतं. नीलेशने दिवाळीचे उरलेले लाडू माझ्या डब्यात कोंबले आणि 'आता म्हाताऱ्यांची डॉक्टरीण' म्हणून चिडवत ऑफिसला पळाला. मी एव्हरशाईनच्या आमच्या घरून रिक्षा केली, स्टेशनचा पूल ओलांडला, एसटीने सांडोर गाव गाठलं. पुढे केळीच्या बागांमधली पायवाट. वृद्धालय दुमजली, कौलारू. बावीस रुग्ण, आणि वर्षभर मी एकटीच फेलो.

प्रमुख डॉ. आग्नेल साठीचे, अगदी हळू बोलणारे. त्यांच्या मते म्हातारपणाचं वैद्यक निम्मं स्पर्शात असतं. म्हणून फेलोने रोज अकरा ते बारा एका रुग्णाचा हात धरून नुसतं बसायचं. माझे रुग्ण इग्नेशियसबाबा, वय ८६, डॉक्टरांचेच वडील. पूर्वी केळीची बाग करायचे. स्मृतिभ्रंश इतका, की मुलालाही ओळखत नाहीत. स्मरणचाचणीत तीसपैकी चार गुण. हात मात्र उबदार, माझ्या आजोबांसारखा खरखरीत.

१७ नोव्हेंबर
बाबांना आज अकरा गुण! औषध तेच, मात्राही तीच. त्यांनी वार बरोबर सांगितला, आपला वाढदिवससुद्धा. डॉ. आग्नेल दारात उभे होते, त्यांचे डोळे भरून आले. जवळ मात्र आले नाहीत. ते वडिलांना कधीच हात लावत नाहीत, हे आज लक्षात आलं.

जिन्यात धोंडूबाई भेटली. इथली सर्वांत जुनी आया. म्हणाली, "वरच्या खोलीत पानी द्यायला मीच जाते. तू नको जाऊस, बाय." मी काही विचारलंही नव्हतं.

२८ नोव्हेंबर
बाबा आज आपणहून बोलले. "विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. दादाने वेणी धरून ओढलं, म्हणून वाचले मी."

शहाऐंशी वर्षांच्या माणसाला कसली वेणी? गंमत म्हणून संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. तिने मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "क्षितिजा, मिरजेच्या विहिरीत तूच पडली होतीस. सात वर्षांची होतीस. दादाने काढलं तुला. विसरलीस?"

मला आठवत नाही. पाणी नाही, शेवाळ नाही, काहीच नाही. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचा चेहरा आठवेना, म्हणून अल्बम काढला. फोटोतल्या मुलाला मी कितीतरी वेळ बघत बसले.

२ डिसेंबर
आज वर गेले. खाटेवर एक माणूस बसलेला. पस्तिशीचा असेल, केस काळेभोर. नजर पहिल्या दिवशीच्या बाबांसारखी. धोंडूबाई त्याला चमच्याने पेज भरवत होती. तिने सांगितलं, हा जितेश डॉक्टर, गेल्या वर्षीचा फेलो.

"एक मानूस वरीसभर पुरतो. मग बाबा परत विसरतात. मग नवीन डागदर येतो. तू आत्ताच जा, बाय."

मी थेट डॉ. आग्नेलांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे सुरू होण्याआधी सहा वर्षं ते मला 'तू कोण?' विचारायचे. परवा त्यांनी मला पुन्हा नावाने हाक मारली. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मी पिशवी उचलून निघाले. नीलेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, थकली आहेस. चार दिवस रजा टाकतो.

८ डिसेंबर
नीलेश आज कामावर गेला. मी भाजी आणायला खाली उतरले. मग एकदम बारा वाजले होते आणि मी सांडोरला होते. बाबांचा हात माझ्या हातात. एसटीत कधी बसले? मला कोणी बोलावलं नव्हतं. कोणी अडवलंही नाही.

१५ डिसेंबर
मागची पानं वाचली. 'त्यांचा हात धरू नकोस' असं समासात तीनदा लिहिलंय. अक्षर माझंच. का लिहिलं असेल? बाबा किती प्रेमळ आहेत. आज त्यांना सत्तावीस.
घरी येऊन तीच चाचणी मी स्वतः दिली. एकोणीस. वजाबाकी जमली नाही.

२ जानेवारी
नीलेश आता बाहेरून कुलूप लावून जातो. मुंबईत नेऊन मेंदूचे फोटो काढले. सगळं ठीक आहे म्हणाले. पंधरा दिवस हात धरलेला नाही. तरी जातंय. आज गॅस कसा लावायचा ते — 

जानेवारी. बुधवार असावा
वरची खोली. दोन खाटा. शेजारच्या माणसाचं नाव सांगितलं होतं कोणीतरी.
मला नीलेशनेच आणून ठेवलं. घरी कोण बघणार, म्हणाला. डॉ. आग्नेल फार चांगले आहेत, म्हणाला. जाताना त्यांच्या पाया पडला.
पाणी देणारी बाई रडते. मी विचारलं का, तर — 

रविवार
एक माणूस आला. चौकड्यांचा शर्ट. माझा नवरा आहे म्हणाला. मी त्याला स्टुलावर बसायला सांगितलं, नातेवाईक बसतात तिथे. "क्षितिजा, अगं मी," म्हणाला. रडायला लागला.

म्हातारे बाबा जिना चढून आले. काठीशिवाय. दारातून म्हणाले, "नीलू, लग्नात तुझा फेटा सुटला होता. मीच खोचून दिला, आठवतं?"

तो माणूस वळला. माझ्याकडे पाठ. बाबा बोलतच होते — कुठली बोट, कुठला पाऊस, त्याच्या आईची बांगडी — तो हसला. रडत होता आणि हसला. उठून त्यांच्याजवळ गेला.

बाबांनी हात पुढे केला.

मला काहीतरी ओरडायचं होतं. त्याला सांगायचं — हाताचं — हात ध

धरला त्याने. मी —